गायकवाड सरांच्या जीपचा टर्बो

पिरंगुटचा घाट चढताना मी जीपच्या डाव्या मडगार्डवर बसलो होतो. एका हातानं काचेची फ्रेम धरली होती, पाय पुढच्या बंपरवर टेकवले होते. बॉनेट आम्ही काढून कासार आंबोलीला शेडमध्येच ठेवलं होतं, त्यामुळे इंजिन माझ्या गुडघ्याशेजारी उघडं धडधडत होतं. समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर आमच्याकडे बघून हसला.

स्टिअरिंगवर गायकवाड सर होते. ते दर वळणाला ओरडून विचारायचे, "काही दिसतंय?"

"काही नाही. चालू द्या."

जीप एकदाही अडखळली नाही. टर्बोची बारीक शीळ शेवटपर्यंत ऐकू येत होती. वरती सपाटीवर सरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"त्या दिवशीही असंच झालं," ते म्हणाले. "सगळे उतरून गेल्यावर मी एकटा बसलो, आणि ही सरळ चढून आली. काही झालंच नाही अशी."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी पुण्यात डिझेल इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. मूळचा जवळच्याच सूस गावचा, डिप्लोमा करून नोकरीला लागलेला. त्या काळात टर्बो हा शब्द गॅरेजवाल्यांनाही नवा होता. आमच्या कंपनीच्या मोठ्या जनरेटरवर तो असायचा, म्हणून मला थोडंफार ठाऊक.

टर्बो म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनातून धूर जोरात बाहेर पडतो. तो जोर एरवी वाया जातो. टर्बोमध्ये त्या धुरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. एवढंच.

हे यंत्र जीपवर बसवायचं गायकवाड सरांच्या डोक्यात आलं ते बायकोमुळे. डॉक्टर सुनंदा गायकवाड यांचा दवाखाना पौडला, एसटी स्टँडजवळ. सर पौडच्याच शाळेत फिजिक्स शिकवायचे. घर कासार आंबोलीला, मागे शेड. पौडच्या वरच्या अंगाला, धरणाच्या बाजूला विखुरलेल्या वाड्या होत्या. तिथून पेशंट आणायचा तर जीपच लागायची. सरांनी लिलावातली एक जुनी पेट्रोल जीप घेतली, तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. पण पेशंट, त्याचे नातेवाईक आणि वर डॉक्टरबाई एवढे बसले की घाटात ती रडायची. मग सरांनी जुन्या बाजारातून परदेशी मशिनचा एक टर्बो मिळवला. पाईप स्वतः वाकवले, पाईप जोडायच्या चकत्या, फ्लँज, स्वतः कापल्या. दोन सुट्ट्या त्यात घातल्या. मी नंतर ते काम पाहिलं. आमच्या कंपनीतल्या फिटरांनी मान डोलावली असती असं काम होतं.

पूर्ण पावसाळा जीप उत्तम चालली. लोक तिला विमान म्हणायचे.

मग भातकापणीच्या दिवसांत यमुनाबाईंना घोणस चावली.

यमुनाबाई डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात कामाला होत्या. कामाला म्हणजे सगळ्याच कामाला. केसपेपर काढणं, ड्रेसिंग करणं, वाडीवाडीतून बायकांना समजावून दवाखान्यात आणणं. नवरा मेल्यावर एकटीनं शेत केलं, सासू सांभाळली. डॉक्टरबाई मला म्हणाल्या होत्या, "माझी डिग्री लोकांनी नंतर मानली. आधी यमुनाबाईंचा शब्द मानला."

त्या सुट्टी घेऊन स्वतःच्या खाचरात भात कापत होत्या. दुपारी पायाला चावा बसला. निरोप आला तशी डॉक्टरबाई आणि सर जीप घेऊन गेले. डॉक्टरबाईंकडे होती तेवढी विषावरची इंजेक्शनं त्यांनी तिथंच दिली. ती पुरणार नव्हती. पुण्याला मोठ्या इस्पितळात न्यायला हवं होतं. जीपमध्ये यमुनाबाई, दीर, जाऊ, आणखी दोन माणसं, सलाईनची बाटली हातात धरून डॉक्टरबाई. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं.

पिरंगुटपर्यंत जीप पळत आली. घाट लागला आणि निम्म्यावर तिची ताकद एकदम गेली. मागे काळा धूर. सरांनी थांबवली, बॉनेट उघडलं, सगळं ठीक. चालू केली, पन्नासेक पावलं गेली, पुन्हा तेच. असं किती वेळा झालं हे त्यांना सांगता आलं नाही. शेवटी पुण्याकडे जाणारी दुधाची गाडी थांबवून यमुनाबाईंना तिच्यात चढवलं. डॉक्टरबाई सोबत गेल्या. सर जीपपाशी राहिले.

यमुनाबाई वाचल्या. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

हे सगळं सरांनी मला आमच्या कंपनीच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं. कुणाकडून तरी माझं नाव कळलं होतं. चहा त्यांनी घेतलाच नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मला गाडी दुरुस्त करून नकोय. काय झालं ते कळायला हवंय."

मी आमच्या मॅनेजरना, कुलकर्णी साहेबांना विचारलं.

"चांदेरे, इंजिन आपलं नाही," ते म्हणाले. "टर्बोही आपला नाही. मास्तरांनी घरी बसवलाय. आपण का पडायचं त्यात?"

"रविवारी जातो साहेब. माझ्या सुट्टीत."

"सापडलं तर काय करशील?"

"सांगेन त्यांना."

"आणि त्यांचीच चूक निघाली तर?"

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जा. पण नीट विचार करून सांग."

तर त्या रविवारी सकाळी मी कासार आंबोलीला पोचलो. सरांनी तोवर स्वतः बरंच केलं होतं. डिझेलची टाकी धुतली होती. फिल्टर नवा घातला होता. इंजेक्टर, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारे नोझल, पुण्याहून तपासून आणले होते. ज्याला त्याला काहीतरी वाटत होतं. कुणी म्हणे डिझेलमध्ये रॉकेल होतं, कुणी म्हणे टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं होतं, म्हणून डिझेल पुढं सरकेना.

मी सरांना एकच विचारलं. "धूर काळा होता, हे नक्की?"

"नक्की. मागचा एक मोटारसायकलवाला शिव्या देत गेला."

मग डिझेल कमी पडत नव्हतं. डिझेल मिळालं नाही तर इंजिन मरतं, पण काळा धूर टाकत नाही. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकर मारली नाही तर जसा धूर होतो तसा तो धूर असतो. म्हणजे डिझेल येत होतं, हवा येत नव्हती. निम्मा शोध तिथंच संपला. आता हवेची वाट तपासायची.

एअर फिल्टर काढला. साफ होता. टर्बोचा पंखा बोटानं फिरवला, अलगद फिरला, कुठं घासत नव्हता. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाईपवर साबणाचं पाणी लावलं आणि इंजिन रेस केलं. गळती असती तर बुडबुडे आले असते. आले नाहीत. सायलेन्सर ठोकून पाहिला, आत काही सुटलेलं वाजलं नाही. उभ्या गाडीत सगळं बरोबर होतं.

डॉक्टरबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. एकदा त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ते रात्री झोपत नाहीत. काहीही निघालं तरी चालेल, पण निघू द्या."

म्हणून आम्ही बॉनेट काढलं आणि घाटात गेलो. ती पहिली खेप मी सुरुवातीला सांगितली. काही दिसलं नाही.

परत आल्यावर मी शेडमध्ये बसून विचार केला. त्या दिवशी काय होतं जे आज नाही? डॉक्टरबाईंनीच उत्तर दिलं.

"आम्ही सगळे होतो ना गाडीत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सकाळी गेलात. तेव्हा दुपार होती."

भार आणि उष्णता. टर्बोचं एक वैशिष्ट्य आहे. उभ्या गाडीत तुम्ही इंजिन कितीही रेस करा, टर्बो झोपलेला असतो. भार पडला की तो जागा होतो आणि मग कितीतरी जास्त हवा ओढतो. त्यामुळे त्याचा आजार उभ्या गाडीत कळत नाही. रिकाम्या गाडीतही कळेलच असं नाही.

दुपारी आम्ही शेजारच्या खळ्यावरून भाताची पोती आणून मागे भरली. सरांनी ती स्वतः पाठीवर वाहिली, मला हात लावू दिला नाही. मग पौडच्या बाजूला जाऊन आलो, इंजिन चांगलं तापू दिलं, आणि घाटाला लागलो. ऊन डोक्यावर होतं. मी पुन्हा मडगार्डवर.

पहिलं वळण झालं. टर्बोची शीळ चढत गेली. आणि दुसऱ्या वळणाच्या पुढं ती शीळ घसरली. मागून धुराचा लोट उठला. मी इंजिनाकडे बघत होतो आणि मला ते दिसलं.

एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत एक काळी रबरी नळी होती. सक्शन होज. तिच्यातून टर्बो हवा ओढतो. ती नळी माझ्या डोळ्यांसमोर चपटी झाली. ओल्या कागदी नळीनं शहाळं ओढताना ती चिकटते ना, अगदी तशी.

"सर, तसेच दाबून धरा!" मी ओरडलो. "पाय काढू नका!"

इंजिन गुदमरत होतं. नळी चपटीच राहिली. मग गाडी थांबली, इंजिन बंद पडलं, आणि मी बघत असतानाच नळी पुन्हा गोल झाली. खाली उतरून बॉनेट उघडेपर्यंत तिनं आपलं रूप घेतलेलं असणार. त्या दिवशी सरांनी जितक्या वेळा बघितलं, तितक्या वेळा त्यांना चांगली गोल नळी दिसली होती.

मी ती काढली. बोटानं दाबली. बाहेरून ठीक, पण आतून मऊ पडून फुगली होती, आणि आतल्या अंगाला तेलाचा लेप. तेल कुठून आलं ते शोधायला वेळ लागला नाही. इंजिनातून थोडी तेलाची वाफ सतत बाहेर पडत असते, तिच्यासाठी एक बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. एरवी ती खाली रस्त्यावर सोडतात. सरांनी ती या सक्शन होजमध्ये जोडली होती.

"ही इथं का जोडलीत?" मी विचारलं.

"पेशंटना वास यायचा," ते म्हणाले. "जुनी जीप, फ्लोअरला फटी. तेलाच्या वासानं गरोदर बायकांना मळमळायचं. यमुनाबाईंनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, वाफ परत इंजिनातच ओढली जाऊ दे."

कल्पना चुकीची नव्हती. मोठ्या कंपन्याही तसं करतात. पण नळी रेडिएटरची होती, पाण्यासाठी बनवलेली. तेल पिऊन ती मऊ पडत गेली. शिवाय रेडिएटरच्या नळीला दाब सोसायचा असतो तो आतून. इथं आतून ओढ होती. ओढ सोसायची तर नळीत तारेचं वेटोळं लागतं, म्हणजे ती चपटी होत नाही. पावसाळ्यात हवा गार होती, नळी नवी होती, निभावलं. ऑक्टोबरच्या उन्हात, भरल्या गाडीत, घाटात तिनं हात टेकले.

हे सगळं मी घाटाच्या कडेला, दगडावर बसून सरांना सांगितलं. त्यांनी ती नळी दोन्ही हातांत घेतली होती. फिजिक्सचे मास्तर. मी अर्धं वाक्य बोललो की त्यांना पुढचं कळत होतं.

"टर्बो नसता तर?" त्यांनी विचारलं.

कुलकर्णी साहेबांचं वाक्य मला आठवलं. पण समोरच्या माणसाशी खोटं बोलणं शक्य नव्हतं. त्याला हिशेब येत होता.

"हळू चढली असती," मी म्हणालो. "पहिल्या गिअरमध्ये. पण चढली असती."

त्यांनी मान हलवली. नळी दाबून सोडली, दाबून सोडली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि ताकद गेली तेव्हा मी अॅक्सिलरेटर आणखी दाबला. दाबला की जास्त ओढ. जास्त ओढ की नळी जास्त चपटी. मी पाय उचलला असता, हलक्या पायानं नेली असती, तर..."

हे मी मुद्दाम बोललो नव्हतो. ते त्यांनी आपलं आपण काढलं.

"सर, गाडी थांबायला लागली की जगातला कुठलाही ड्रायव्हर पाय दाबतोच," मी म्हणालो.

"सुनंदा म्हणत होती, चला, चला," ते म्हणाले. "यमुनाबाई काही म्हणत नव्हत्या. पायाकडे बघत होत्या."



पुढच्या रविवारी मी तारेचं वेटोळं असलेली, तेल सोसणारी नळी घेऊन गेलो. आमच्या स्टोअरमधून रीतसर विकत घेतलेली. बसवली. ब्रीदरला वाटेत तेल गाळायची एक छोटी बाटली जोडली. पोती भरली, भर दुपारी घाट चढलो, दोनदा. जीप विमानासारखी गेली. बॉनेट काढलेलंच होतं, सीटवरून नळी दिसत होती, ती जराही चपटी झाली नाही. सर शेजारी बसले होते. या वेळी गाडी मी चालवत होतो. त्यांनी स्टिअरिंग घ्यायला नकार दिला.

डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "यमुनाबाईंना तुम्ही सांगाल का काय झालं ते? माझ्याकडून त्या ऐकतील, पण मी नीट सांगू शकणार नाही. आणि ह्यांना तिथं जाववत नाही."

आम्ही दोघं पौडच्या पुढं त्यांच्या वाडीवर गेलो. यमुनाबाई पडवीत बसल्या होत्या, पायावर गोधडी. पन्नाशीच्या आतबाहेर, काटक. डॉक्टरबाईंना बघून त्यांनी "जयभीम" केला आणि जावेला चहा टाकायला सांगितलं.

मी त्यांना नळीची गोष्ट सांगितली. शहाळ्याच्या नळीसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यो पंखा चांगला हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे. नळी खराब होती. आता बदलली."

"आता चढतीया?"

"भरलेली चढते. मी स्वतः बघितलं."

"मंग झालं." त्या डॉक्टरबाईंकडे वळल्या. "सर का न्हाई आले?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांना वाटतं, त्यांच्यामुळे तुमचा पाय गेला."

यमुनाबाईंनी अंगणाकडे बघितलं. तिथं त्यांच्याच खाचरातलं भात वाळत पडलं होतं. दुसऱ्या कुणीतरी कापलेलं.

"पाय गेला त्येचं वाईट वाटतंय मला," त्या म्हणाल्या. "लई वाटतंय. रातचं इसरून उठाया जाते आन् पडते. पन मी काय त्येंना बोलले व्हय? एकदा तरी बोलले का, बाई?"

"नाही."

"त्येंनी यावं हितं. बसावं. च्या प्यावा. मला काय इचारायचंय ते मी त्येंनाच इचारीन. तुमी मदी नगा पडू." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आन् त्यो पंखा काडू नका म्हनावं. वरच्या वाडीतली सावित्री पोटुशी हाय. तिला न्ह्यायची तर जीप जोरात पायजे."

परत येताना डॉक्टरबाई रडल्या. मी रस्त्याकडे बघत बसलो.

निरोप आम्ही सरांना दिला. शब्दशः दिला. ते शेडमध्ये होते. ऐकून म्हणाले, "जाईन."

ते गेले नाहीत.

महिन्याभरानं मी सहज म्हणून कासार आंबोलीला डोकावलो, तर टर्बो खाली उतरवलेला होता. शेडच्या कोपऱ्यात पोत्यात गुंडाळून ठेवला होता. पाईप पुन्हा साधे केले होते. हेही काम तितकंच सुबक.

"सर, तो आता पूर्ण सुरक्षित होता," मी म्हणालो. मला राग आला होता. "मी खात्री देतो. यमुनाबाईंनी स्वतः सांगितलंय ठेवा म्हणून."

"तुमच्या खात्रीबद्दल शंका नाही, चांदेरे," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याबद्दल आहे. आणखी कुठं काय राहिलंय हे मला माहीत नाही. नळीचं तरी कुठं माहीत होतं?"

"मग मी सगळं तपासतो. एकेक नटबोल्ट तपासतो."

"साधी गाडी हळू जाते, पण तिचं काय होईल ते सगळ्यांना माहीत असतं. मला तसंच हवंय."

मी बराच वाद घातला. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. डॉक्टरबाई स्वयंपाकघरातून ऐकत असाव्यात, पण बाहेर आल्या नाहीत. शेवटी सर म्हणाले, "चहा घेऊन जा," आणि हात पुसत आत गेले.

त्यानंतर सावित्रीची खेप पहिल्या गिअरमध्ये झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पुढं कित्येक खेपा तशाच झाल्या. काही पेशंट वेळेवर पोचले, काही नाही. जे नाही पोचले ते टर्बो असता तर पोचले असते का, हे कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरबाईंनी स्वतः गाडी शिकून घेतली. सर ड्रायव्हरच्या सीटवर पुन्हा बसल्याचं मला आठवत नाही. शेडमध्ये त्यांनी नंतर काही नवं बनवलं नाही. माझ्या ओळखीत हाताला इतकं नेमकं वळण असलेला दुसरा माणूस नव्हता. आमच्या कंपनीत मी त्यांचं नाव सुचवलं होतं, ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवण्यासाठी. कुलकर्णी साहेब तयार झाले होते. सरांनी नम्रपणे नाही म्हटलं.

यमुनाबाई कृत्रिम पाय लावून वर्षभरात दवाखान्यात परत आल्या. काठी घेऊन चालायच्या, पण चालायच्या. सर शाळा सुटल्यावर पूर्वी दवाखान्यावरून घरी जायचे. आता मागच्या रस्त्यानं जायला लागले. पौड केवढं? सगळ्यांना दिसत होतं. समोरासमोर आलेच तर मान खाली घालून "बरं आहे ना?" एवढं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचे.

मी मधल्या काळात बदलीवर होतो. परत आलो तोवर सर गेले होते. झोपेतच, असं कळलं. डॉक्टरबाईंना भेटायला मी दवाखान्यात गेलो. त्या पेशंट तपासत होत्या, म्हणून बाहेर बाकावर बसलो. यमुनाबाई केसपेपरवर नावं लिहून घेत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"नळीवालं साहेब न्हवं का तुमी?"

मी हो म्हणालो. सरांबद्दल वाईट वाटलं म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "येकच इचारायचं व्हतं मला त्येंना," त्या म्हणाल्या. "मला दुधाच्या गाडीत घातल्यावर ते उनात येकटेच ऱ्हायले घाटात. पानी तरी व्हतं का त्येंच्याजवळ? मला गाडीत तेच डोक्यात व्हतं. बाकी काय न्हाई. पन कदी बसलेच न्हाईत हो समोर. इतकी वर्सं."

आतून डॉक्टरबाईंनी हाक मारली. यमुनाबाई काठी घेऊन उठल्या आणि पुढच्या पेशंटला आत घेऊन गेल्या.

या प्रकरणातून धंद्यातलं शिकण्यासारखं थोडंच आहे. सक्शनच्या बाजूला रेडिएटरची नळी लावू नये. तारेची, तेल सोसणारी नळी लावावी. बिघाड शोधायचा तर ज्या भारात, ज्या उन्हात, ज्या चढावर तो झाला, तिथंच जाऊन शोधावा, शेडमध्ये नाही. आणि सापडला की ज्याच्या हातून झाला तो आणि ज्याचं नुकसान झालं तो, दोघांना एका जागी बसवून सांगावा. निरोप पोचवत बसू नये. पहिल्या दोन गोष्टी मी पुढं ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येक बॅचला सांगितल्या. तिसरी सांगायचा प्रसंग कधी आला नाही.